टॅब घ्यायचा? आधी वाचा, मग घ्या

पूर्वी मूल शाळेत जाऊ लागले की घरात दगडी पाटी येई. पाटी स्वस्त होती. फुटली तर दुसरी आणता येई. आता बाजारात नव्या तऱ्हेची पाटी आली आहे. तिला टॅब म्हणतात. ही पाटी विजेवर चालते. तिच्यावर वाचता येते, लिहिता येते. तिच्यात धडा ऐकू येतो आणि सिनेमाही दिसतो.

पण ही पाटी स्वस्त नाही. नामांकित कंपनीचा साधा टॅब घ्यायचा म्हटले तरी साधारण दहा ते पंधरा हजार रुपये लागतात. एवढा पैसा घरात सहज येत नाही. तो दुधाचा असतो, कापसाचा असतो, मजुरीचा असतो. तो एकदा हातातून गेला की परत येत नाही.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. मग वस्तू घेताना दुकानदाराच्या तोंडाकडे का पाहायचे? डबा वाचावा, पावती वाचावी, हिशेब आपण करावा. ते कसे करायचे, ते या पाठात पाहू.

टॅब म्हणजे काय?

टॅब म्हणजे मोठ्या पडद्याचा फोन, असे समजा. फोनवर जे दिसते ते टॅबवर दिसते, पण मोठे दिसते. म्हणून वाचायला सोपे जाते. टॅब दोन प्रकारचे असतात. एकात सिमकार्ड बसते. दुसऱ्यात बसत नाही. सिम नसलेल्या टॅबला फोनमधून इंटरनेट देता येते. याला 'हॉटस्पॉट' म्हणतात.

लांबलचक मजकूर टाइप करायचा असेल, कचेरीचे काम करायचे असेल, तर टॅब पुरा पडत नाही. त्याला लॅपटॉप लागतो. टॅब मुख्यतः वाचण्याचे, पाहण्याचे आणि ऐकण्याचे साधन आहे.

आधी काम, मग दाम

एक घर डोळ्यांपुढे आणा. आबा शेती करतात. काकींच्या दोन म्हशी आहेत. थोरली मुलगी दहावीत आहे, धाकटा सहावीत आहे. काकींनी दुधाच्या पैशातून बारा हजार रुपये बाजूला टाकले आहेत. आबा आणि काकी दोघेही रात्रीच्या वर्गाला येतात. एके दिवशी वर्ग संपल्यावर बोलणे निघाले.

काकी म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला टॅब घ्यावा म्हणतो आम्ही. कंचा घेऊ ते सांगा."

गुरुजी म्हणाले, "कुठला ते मागाहून पाहू, काकी. आधी कशाला हवा ते सांगा."

"अभ्यासाला. फोनवर धडा बघती ती. अक्षर मुंगीएवढं दिसतं. सारखं डोळं चोळती. आन् फोन ह्यांच्यासंगं रानात गेला, की अभ्यास बंद."

आबा म्हणाले, "मला बी कीर्तन ऐकायचंय, जुनी नाटकं बघायची हायती. धाकट्याला गाणी पायजेत."

"घरात टीव्ही आहे ना, आबा?"

"हाय की."

"मग करमणूक टीव्हीवर होतेच आहे. नुसत्या करमणुकीसाठी बारा हजार घालायचे का, याचा विचार करा. अभ्यासासाठी मात्र मोठा पडदा लागतो. म्हणून अभ्यास हे पहिलं काम, करमणूक दुसरं. पहिल्या कामाला जे लागतं ते बघून वस्तू घ्या. दुसरं काम आपोआप होतं."

आबा हसून म्हणाले, "म्हंजी बैल नांगराला बघून घ्यायचा, शर्यतीला न्हाई!"

"बरोबर बोललात."

गुरुजींनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या :

काम : दहावीचा अभ्यास. मग कीर्तन, नाटक, गाणी.
जागा : घर. रोज रात्री.
पैसे : सगळे मिळून बारा हजार. वर एक रुपयाही नाही.

तुम्हीही दुकानात जाण्यापूर्वी अशा तीन ओळी कागदावर लिहा. कागद खिशात ठेवा. दुकानात मन भुलते. कागद भुलत नाही.

डबा कसा वाचावा?

टॅबच्या डब्यावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. घाबरू नका. बरोबर शाळेत जाणारे मूल न्या. अक्षरे ते वाचील. त्यांचा अर्थ तुम्हाला ठाऊक असला म्हणजे झाले. पाहायच्या गोष्टी सहाच आहेत.

१. पडदा. पडद्याचे माप इंचात असते. ते एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत घेतात. पाठ्यपुस्तकाचे पान वाचायला दहा-अकरा इंचांचा पडदा सोयीचा. आठ इंचांचा टॅब हातात हलका लागतो. पण पान वाचताना अक्षर सारखे मोठे करावे लागते.

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. ठिपके जितके जास्त, तितके अक्षर रेखीव. डब्यावर दोन आकडे गुणाकाराने लिहिलेले असतात. १२८० गुणिले ८०० असे असेल तर ठिपके झाले १०,२४,०००. १९२० गुणिले १२०० असे असेल तर ठिपके झाले २३,०४,०००. म्हणजे दुपटीहून जास्त. पडदा तेवढाच असेल तर दुसरा टॅब वाचनाला चांगला.

२. काम करायची जागा. हिला रॅम म्हणतात. ती जीबी या मापात मोजतात. रॅम म्हणजे खळे समजा. खळे लहान असले की मळणी रेंगाळते. अभ्यासाच्या टॅबला निदान ४ जीबी रॅम असावी. ६ जीबी मिळाली तर उत्तम.

इथे एक खुबी असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत '८ जीबी' लिहितात. खाली बारीक अक्षरांत '४ अधिक ४' असते. यात खरी रॅम चारच जीबी. उरलेली चार साठवणीच्या जागेतून उसनी घेतलेली. कणगीचा कोपरा मोकळा केला म्हणून खळे मोठे होत नाही. म्हणून विचारावे, "खरी रॅम किती?"

३. साठवणीची जागा. ही कणगी. हीसुद्धा जीबीतच मोजतात. ६४ जीबी बरी, १२८ जीबी चांगली. डब्यावर लिहिलेली सगळी जागा आपल्याला मिळत नाही. बरीचशी टॅबच्या स्वतःच्या कामाला लागते. जागा वाढवण्यासाठी बारीक मेमरी कार्ड बसवता येते का, ते पाहावे.

४. आज्ञावलीचा आकडा. बहुतेक स्वस्त टॅब अँड्रॉइड नावाच्या आज्ञावलीवर चालतात. तिची नवी आवृत्ती दर वर्षी निघते. अँड्रॉइड १५ ही आवृत्ती २०२४ साली आली, १६ ही २०२५ साली. टॅबमधला आकडा फार जुना असेल तर तो माल जुना समजावा. पुढे काही वर्षांनी नवे ॲप त्यावर चालेनासे होतात. "कंपनी किती वर्षे सुधारणा देणार?" असे विचारावे. सुधारणा मिळत राहिल्या तर चोरांपासूनही राखण होते.

५. बॅटरी. तिचे माप एमएएच. दहा इंचांच्या टॅबला सात-आठ हजार एमएएच बॅटरी बरी. पडदा मोठा म्हणून वीजही जास्त लागते. गावात वीज जाते-येते. तेव्हा हा आकडा विसरू नये. डब्यात चार्जर आहे का, तेही पाहावे. काही कंपन्या आता चार्जर देत नाहीत. तो निराळा घ्यावा लागला तर तेवढा खर्च वाढतो.

६. सरकारी खूण. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते. त्या खुणेबरोबर इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे आठ अंकी क्रमांक असतो. हा क्रमांक खरा की खोटा, ते 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर तपासता येते. खूण नसलेला टॅब कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

फार स्वस्त टॅबची गोष्ट

स्वस्त टॅबची कल्पना आपल्या देशात नवी नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने दिल्लीत 'आकाश' नावाचा टॅब लोकांपुढे आणला. तो विद्यार्थ्यांसाठी होता. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. हेतू चांगला होता. गरिबाच्या मुलाच्या हातातही ही नवी पाटी यावी, असा तो हेतू.

पण आकाशचा पडदा सात इंचांचा होता आणि तो दाबावा लागे. रॅम अवघी २५६ एमबी होती. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. म्हणजे आजच्या ४ जीबीच्या टॅबमध्ये आकाशच्या सोळा पट जागा असते. बॅटरी २,१०० एमएएचची. ती दोन-तीन तासांत संपे. टॅब संथ चालतो, अशी ओरड झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला आकाश आला. पण ही योजना पुढे फार काळ टिकली नाही.

यातून काय घ्यायचे? नुसती कमी किंमत म्हणजे स्वस्ताई नव्हे. जी वस्तू काम करीत नाही ती फुकट मिळाली तरी महागच. आजही तीन-चार हजारांत अनोळखी नावाचे टॅब विकायला असतात. त्यांचे आकडे या पाठाशी ताडून पाहा. मग किंमत कमी का, ते कळेल.

सिम असावे की नसावे?

आबांनी विचारले, "सिमवाला घ्यावा का बिनसिमचा?"

गुरुजी म्हणाले, "सिमवाला टॅब महाग असतो. शिवाय त्याला दर महिन्याला निराळा रिचार्ज. तो खर्च वर्षभर चालू राहतो."

काकी म्हणाल्या, "पर फोन रानात गेला तर पोरीला इंटरनेट कुटलं?"

"अवघड प्रश्न विचारलात, काकी. रात्री आबा घरी आले की फोनवरून टॅबला इंटरनेट द्यायचं. दुसऱ्या दिवशी लागणारे धडे तेव्हाच उतरवून ठेवायचे. मग दिवसा इंटरनेट नसलं तरी चालतं. मुलगी रोज इंटरनेटवर कुणाशी बोलून शिकत असेल, दुपारचा तास तसा असेल, तरच सिमवाला घ्या."

काकींनी थोरलीकडे पाहिले. ती म्हणाली, "आई, माझी शाळा दिवसाच असती. रात्री उतरवून ठेवीन मी."

तेवढ्यात बिनसिमचा टॅब ठरला आणि दर महिन्याचा रिचार्ज वाचला.

अभ्यासाचा मजकूर फुकट मिळतो

टॅब घेतला की काही लोक घरी येतात. "आमचे ॲप घ्या, वर्षाचे इतके हजार भरा," म्हणतात. लगेच पैसे भरू नका. आधी फुकट काय मिळते ते पाहा.

बालभारती ही महाराष्ट्राची पाठ्यपुस्तक संस्था. ती २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली. तिची पाठ्यपुस्तके 'ई-बालभारती'वर वाचायला मिळतात. ती टॅबमध्ये उतरवून ठेवता येतात. पैसे पडत नाहीत.

केंद्र सरकारचे 'दीक्षा' नावाचे ॲप आहे. ते २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोनी चित्र छापलेले असते. त्याला क्यूआर कोड म्हणतात. दीक्षा ॲप उघडून त्या चित्रावर टॅबचा कॅमेरा धरला की त्या पाठाचा मजकूर किंवा चित्रफीत समोर येते. हेही फुकट.

मोठ्या माणसांसाठीही पुष्कळ आहे. सरकारचा 'उल्लास' नावाचा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. त्याचे शिकण्याचे साहित्य दीक्षावर मिळते. वीस खंडांचा मराठी विश्वकोशही इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पिकांवरचे रोग, माणसाचे शरीर, तारे, देश, पशू, सगळे त्यात आहे. तेव्हा टॅब फक्त थोरलीचा नाही. तिचा अभ्यास झाल्यावर काकींनाही अर्धा तास तो मिळावा. टॅबची भाषा मराठी करून घ्या आणि अक्षर मोठे करून घ्या. दोन्ही होते.

करमणूक, पण बेताने

नाटक, कीर्तन, सिनेमा पाहण्यात वाईट काही नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला करमणूक हवीच. पण चित्रफीत इंटरनेट फार खाते. साधे चित्र ठेवले तर तासाला साधारण अर्धा ते एक जीबी लागतो. अतिशय स्वच्छ चित्र ठेवले तर तासाला दोन-तीन जीबीही जातात. समजा, तुमच्या फोनला दिवसाला दीड जीबी मिळतो. मग एक सिनेमा पाहिला की थोरलीच्या धड्याला काही उरत नाही. म्हणून आधी धडे उतरवावेत, उरलेल्यात सिनेमा पाहावा. चित्र साधे ठेवावे. कीर्तन नुसते ऐकायचे असेल तर त्याला फारच थोडे लागते.

आणखी एक. काही स्वस्त टॅबचा पडदा चांगला असतो, तरी पैसे भरून पाहायचे सिनेमे त्यावर धूसर दिसतात. कारण सिनेमावाल्यांना हवी ती सुरक्षेची सोय त्या टॅबमध्ये नसते. या सोयीचे नाव 'वाइडवाइन एल-वन'. घरात असे सिनेमे पाहणार असाल तरच हे विचारा. अभ्यासाला याची गरज नाही.

हप्त्याचा हिशेब

दुकानदार म्हणतो, "पैशाची काळजी कशाला? महिन्याला थोडे थोडे द्या." हप्ता लहान दिसतो. पण सगळे हप्ते मिळून किती होतात, ते आपण मोजावे.

समजा, रोख किंमत १२,००० रुपये आहे. हप्ता महिन्याला १,१५० रुपये. हप्ते बारा.
१,१५० गुणिले १२ = १३,८०० रुपये.
कागदपत्रांची फी ३०० रुपये.
एकूण १४,१०० रुपये.
रोख किमतीपेक्षा २,१०० रुपये जादा गेले.

हा हिशेब ऐकून आबा म्हणाले, "आवं, एवढ्यात दोन पोती पेंड यील की!"

हप्त्याने घेणे हे पाप नव्हे. कधी गरज निकडीची असते. पण कागदावर सही करण्यापूर्वी तीन आकडे वाचावेत : एकूण किती भरायचे, हप्ता चुकला तर दंड किती, आणि फी किती. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नये. आता तुम्ही अंगठा देत नाही, सही करता. सहीची किंमत अंगठ्याएवढीच असते. न वाचता केली तर दोन्ही सारखेच.

जुना, वापरलेला टॅब घ्यायचा असेल तर मूळ पावती मागावी. पावती नसेल तर तो कुणाचा चोरलेला तर नाही, अशी शंका घ्यावी. सिमच्या टॅबला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. तो सरकारच्या 'संचार साथी'वर तपासता येतो.

दुकानात काय करावे?

गेल्याबरोबर पैसे काढू नका. टॅब चालू करायला सांगा. पुढील गोष्टी पाहा.

मराठी पाठ्यपुस्तकाचे पान उघडून वाचून पाहा. अक्षर रेखीव दिसते का? टॅब उजेडाकडे धरून पाहा. आवाज ऐका. पडद्याच्या चारही कोपऱ्यांना बोट लावून पाहा. कॅमेरा, चार्जिंगची जागा तपासा.

मग विचारा, "वॉरंटी किती? दुरुस्तीचे केंद्र कुठे?" बहुधा वॉरंटी एक वर्षाची असते. पण केंद्र दूरच्या शहरात असेल तर जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी आपल्यालाच पडते. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी ज्या कंपनीचे केंद्र आहे, तिचा टॅब पसंत करावा. पडून काच फुटली तर ती साध्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच जाड कव्हर घालावे.

छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये. कमी करून मात्र जरूर मागावे.

पावती घ्यावीच. "पावती नको असेल तर पाचशे कमी करतो," असे कुणी म्हणाले तर भुलू नये. पावती नसेल तर वॉरंटी मागायची कशाच्या जोरावर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पावती न देणे ही अनुचित गोष्ट आहे. पावतीवर दुकानाचे नाव, तारीख, टॅबचे नाव, त्याचा क्रमांक आणि दिलेली रक्कम, ही पाच कलमे वाचून घ्यावीत. डब्यावरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक एकच आहे का, तेही पाहावे.

वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या क्रमांकावर फोन करावा. ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवा आहे. तिथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही.

घरी आणल्यावर

टॅब घरात आला की खरे काम सुरू होते. तो शिकवणारही आहे आणि वेळ खाणारही आहे. मालक कोण, ते घराने ठरवायचे.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामस्थांनी २०२२ साली एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजे. मग दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचन करायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. या गावाचे नाव देशभर झाले. भोंगा तर साधा. मोठ्यांनीही आपले फोन बाजूला ठेवायचे, ही त्यातली खरी गोष्ट. बाप फोनमध्ये डोके घालून बसला तर मुलगा पुस्तकात कसे घालील?

तुमच्या घरात टॅबवर अभ्यास चालेल. मग नियम थोडा निराळा करा. अभ्यासाच्या वेळी टॅबवर फक्त अभ्यास. बाकीच्यांनी टीव्ही बंद ठेवावा. जेवताना आणि झोपताना टॅब कपाटात.

तान्ह्या मुलाला शांत बसवण्यासाठी टॅब देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त दाखवू नये. मोठ्यांनीही दर वीस मिनिटांनी पडद्यावरची नजर काढावी. वीस फुटांवरचे काही तरी, अंगणातले झाड किंवा पलीकडची भिंत, वीस सेकंद पाहावे. डोळ्यांना विसावा मिळतो.

चार्ज करताना टॅब उशीखाली किंवा गोधडीत ठेवू नये. तो तापतो. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर थांबवावा आणि केंद्रात न्यावा.

टॅबवर पैशाचे व्यवहार करणारे ॲप ठेवू नयेत. मुले खेळता खेळता बटण दाबतात आणि पैसे जातात. गुप्त अंक कुणालाही सांगू नयेत, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० वर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

ध्यानात ठेवा

१. आधी काम ठरवा, मग वस्तू पाहा.
२. अभ्यासाला दहा-अकरा इंचांचा पडदा, खरी ४ जीबी रॅम, निदान ६४ जीबी साठवण.
३. सरकारी खूण पाहा. वॉरंटी विचारा. पावती घ्या.
४. हप्त्यांची बेरीज करा, मगच सही करा.
५. फुकट मिळणारी पुस्तके आधी वापरा.
६. मोठे नियम पाळतील तरच लहान पाळतील.

प्रश्न

१. टॅब घेण्यापूर्वी कागदावर कोणत्या तीन ओळी लिहाव्यात?
२. जाहिरातीत '८ जीबी, ४ अधिक ४' असे लिहिले आहे. खरी रॅम किती?
३. बिनसिमच्या टॅबवर दिवसा अभ्यास कसा करता येईल?
४. पावतीवरची कोणती पाच कलमे वाचावीत?
५. हिशेब करा : टॅबची रोख किंमत १०,५०० रुपये. हप्ता १,९०० रुपये, हप्ते सहा, फी २०० रुपये. जादा किती गेले? (उत्तर : १,१०० रुपये.)
६. तुमच्या घरात टॅब आला तर तुम्ही कोणते दोन नियम कराल? ते स्वतःच्या हाताने लिहा आणि भिंतीवर लावा.